एसी-डीसीचं भांडण आणि तांब्याचा हिशेब

'द करंट वॉर' हा सिनेमा बघून उठलेल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो : हे सगळे एवढे चिडले होते कशावरून? बेनेडिक्ट कंबरबॅचचा एडिसन तडकतो, मायकल शॅननचा जॉर्ज वेस्टिंगहाऊस ओठ मिटून ऐकून घेतो, निकोलस हूल्टचा टेस्ला झकपक कोटात अपमान गिळतो. मधूनमधून एसी, डीसी ही विजेच्या दोन प्रकारांची नावं कानांवर पडतात. पण संवाद इतके पळतात आणि कॅमेरा इतका फिरतो, की मूळ वादाचा मुद्दा हाती लागेपर्यंत पुढचा प्रसंग सुरू झालेला असतो.

सिनेमाचं स्वतःचं नशीबही तसंच धावपळीचं. २०१७ च्या सप्टेंबरात टोरांटोच्या महोत्सवात तो दाखवला गेला, लोकांना फारसा रुचला नाही, आणि महिनाभरात निर्माते हार्वी वाइनस्टीन यांचं लैंगिक छळाचं प्रकरण बाहेर आल्यामुळे प्रदर्शनच लटकलं. दिग्दर्शक अल्फोन्सो गोमेझ-रेहॉन यांनी नव्याने काटछाट केली, काही दृश्यं पुन्हा चित्रित केली, आणि ही दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये लोकांसमोर आली. बघायची तर हीच बघावी. नट सगळे चोख आहेत. कमी पडतं ते तांबं.

होय, तांबं. या भांडणात कोण का जिंकलं हे समजायला स्वभाव, मत्सर, प्रतिभा यांच्या आधी तांब्याच्या तारेचा हिशेब समजून घ्यावा लागतो. तो अवघडही नाही.

सुरुवात ४ सप्टेंबर १८८२ ला करू. न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, पर्ल स्ट्रीटवरच्या एका इमारतीत एडिसनचं वीजकेंद्र त्या दिवशी चालू झालं. आत वाफेच्या इंजिनांवर फिरणारे डायनॅमो, एकेकाचं वजन सुमारे २७ टन; सर्कशीतल्या प्रसिद्ध हत्तीवरून त्यांना 'जम्बो' म्हणत. पहिल्या दिवशी पेटलेले दिवे होते साधारण ४००, आणि ग्राहकांमध्ये वॉल स्ट्रीटवरचा सावकार जे. पी. मॉर्गन याचं ऑफिसही होतं. वीज जायची रस्त्याखालून : वीस-वीस फुटी लोखंडी नळ्या, त्यांत तांब्याच्या अर्धगोल कांबी, आणि दोन्हींच्या मध्ये डांबरासारखं रोधक मिश्रण. प्रत्येक वीस फुटांवर जोड, म्हणजे प्रत्येक जोडावर खड्डा आणि माणूस.

बिल कसं करायचं हाही प्रश्नच होता. विजेचा सोयीचा मीटर तेव्हा नव्हता. एडिसनने ग्राहकाच्या घरी काचेची बरणी बसवली, तिच्यात जस्ताच्या क्षाराचं पाणी आणि जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर चढायचं. महिनाअखेरीस कंपनीचा माणूस येऊन पट्ट्या घेऊन जाई, त्या तराजूत तोलल्या जात आणि वजनातल्या फरकावरून बिल निघे. ग्राहकाला स्वतः वाचायला काहीच नव्हतं, सगळा कंपनीच्या शब्दावर विश्वास. आपल्याकडे डिजिटल मीटरवरही लोक संशय घेतात, तेव्हा न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना काय वाटत असेल याची कल्पना करा.

या जाळ्यातला विजेचा दाब होता ११० व्होल्ट, आणि प्रवाह डीसी, म्हणजे सतत एकाच दिशेने वाहणारा. खरी मेख होती ती या ११० च्या आकड्यात.

एखाद्या तारेतून किती वीज पोचते ते दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं : व्होल्टेज, म्हणजे दाब, आणि अँपिअर, म्हणजे प्रवाह. समजा ११,००० वॅट न्यायचे आहेत. ११० व्होल्टने न्यायचे तर प्रवाह १०० अँपिअर लागेल. ११०० व्होल्टने नेले तर १० अँपिअर पुरतील. पलीकडे पोचणारं काम दोन्ही वेळा तेवढंच. पण तार तापते ती प्रवाहामुळे, आणि तीही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दहापट कमी झाला की तारेतला नास शंभरपट कमी होतो. लाखभर रुपये गावाला न्यायचे असतील तर दहाच्या नोटांचं पोतं उचलायचं की पाचशेच्या दोन गड्ड्या खिशात टाकायच्या, असा हा प्रश्न आहे. शहाणा माणूस पाचशेच्या नेईल आणि सुट्टे तिकडे गेल्यावर करील.

एडिसनला हे कळत नव्हतं असं समजणं चुकीचं. उलट त्याच्या दिव्याचं खरं कसब इथेच होतं. त्याच्या आधी आणि बरोबरीने दिवे बनवणारे बरेच जण होते. एडिसनने ठरवून जास्त रोध, म्हणजे विजेला जास्त अडथळा असलेली, बारीक तंतूची रचना घेतली. कारण दिव्याचा रोध जास्त असला की त्याला कमी प्रवाह पुरतो, आणि प्रवाह कमी म्हणजे रस्त्याखालचं तांबं कमी. दिवा बनवायला बसलेल्या माणसाने आधी तारेचा खर्च मांडला आणि मग दिवा त्या खर्चात बसवला. पुढे १८८३ मध्ये त्याने तीन तारांची पद्धत आणली आणि तांब्याची आणखी सुमारे ६० टक्के बचत केली. हा माणूस हट्टी होता, पण अडाणी नव्हता. सिनेमात हट्ट भरपूर दिसतो, हा हिशेबीपणा तितका दिसत नाही.

एवढं करूनही ११० व्होल्टच्या विजेला अंतर झेपेना. अंतर दुप्पट केलं तर तार दुप्पट लांब लागते हे उघड आहे. पण तेवढ्याच दाबाने वीज पोचवायची असेल तर ती तार दुप्पट जाडही घ्यावी लागते. म्हणजे दुप्पट अंतराला चौपट तांबं आणि तिप्पट अंतराला नऊपट. केंद्रापासून साधारण मैलभरात धंदा जमायचा, त्यापुढे तांबं परवडत नसे. वॉल स्ट्रीटसारख्या दाट वस्तीत हे चाललं. विखुरलेल्या गावाने काय करायचं? दर मैलावर एक कोळशाची भट्टी, एक इंजिन, एक धुराडं?

मग पाचशेच्या नोटा का नाही वापरल्या? कारण सुट्टे करून देणारं कुणी नव्हतं. २००० व्होल्टची तार घरातल्या दिव्याला जोडता येत नाही. दिवाही जाईल आणि लावणाराही. दाब वाटेत वाढवायचा आणि दारात उतरवायचा, हे डीसीला त्या काळी स्वस्तात आणि बिनबोभाट जमत नव्हतं. एसीला, म्हणजे सारखी दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला, जमत होतं. आपण ज्याला रोहित्र किंवा ट्रान्सफॉर्मर म्हणतो, आणि गावात ज्याच्या नावाने 'डीपी जळाली' अशी बोंब उठते, तो डबा एसीच्या बाजूला होता.

या डब्यात फिरणारं, हलणारं काहीही नाही. लोखंडाचा गाभा, त्यावर तारेची दोन वेटोळी, एकमेकांना न चिकटलेली. पहिल्या वेटोळ्यात प्रवाह सोडला की गाभ्यात चुंबकत्व तयार होतं. प्रवाह जर सारखा दिशा बदलणारा असेल तर चुंबकत्वही सारखं वाढतं, उतरतं, उलटतं. या बदलामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज उठते. दुसऱ्या वेटोळ्याला दहापट वेढे दिले तर दाब दहापट, दहावा भाग दिले तर दाब दहावा भाग. इतकं सरळ. मात्र चुंबकत्व बदलत राहिलं पाहिजे. डीसी सोडला तर ते एकदा तयार होऊन जागच्या जागी बसून राहतं, आणि दुसऱ्या वेटोळ्याला काहीच जाणवत नाही. एसीची सगळी सरशी या एका गोष्टीत आहे.

वेस्टिंगहाऊस हा विजेच्या क्षेत्रातला माणूसच नव्हता. पिट्सबर्गचा कारखानदार, रेल्वेचा हवेवर चालणारा ब्रेक शोधून श्रीमंत झालेला. पुढे त्याने नैसर्गिक वायूच्या नळांचा धंदा केला. त्यात वायू लांबून जास्त दाबाने आणायचा आणि घराजवळ दाब उतरवायचा हे तंत्र त्याच्या अंगवळणी पडलेलं. गोलार आणि गिब्स या जोडीने युरोपात ट्रान्सफॉर्मर दाखवल्याचं वाचल्यावर त्याला त्यातला अर्थ चटकन कळला असावा. १८८५ मध्ये त्याने हक्क विकत घेतले आणि विल्यम स्टॅन्ली या तरुण अभियंत्याला कामाला लावलं. त्याच वर्षी बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या तिघांनी याहून सुधारलेला ट्रान्सफॉर्मर बनवला होता, म्हणजे हा शोध काही एकट्या अमेरिकेची मिरासदारी नव्हे. स्टॅन्ली प्रकृतीच्या कारणाने मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावी राहायला गेला होता. तिथेच त्याने प्रयोगशाळा थाटली, मुख्य रस्त्यावरच्या एल्मच्या झाडांना तारा बांधल्या आणि मार्च १८८६ मध्ये गावातली दुकानं उजळवून दाखवली. ५०० व्होल्टची वीज वर चढवून ३००० व्होल्टवर नेता येते आणि परत खाली आणता येते, हेही त्याने तिथे दाखवलं. माझ्या मते या सगळ्या कथेतला कळसाचा क्षण हाच. पण शांत गावात शांतपणे पेटलेल्या दिव्यांवर सिनेमा चालत नाही, भांडणावर चालतो.

आता संशोधक निकोला टेस्ला. इंटरनेटवर टेस्लाची भक्ती अशी काही फोफावली आहे, की एसी त्यानेच शोधला आणि एडिसनने चोरला वगैरे ऐकायला मिळतं. टेस्ला १८८४ मध्ये अमेरिकेत आला, एडिसनच्या कारखान्यात जेमतेम काही महिने टिकला. एसीचे दिवे त्याच्याशिवायच लागले होते. एसीला नव्हती ती मोटर. ही अडचण मोठी होती, कारण नुसत्या दिव्यांवर चालणारं वीजकेंद्र संध्याकाळचे काही तास कमावतं आणि दिवसभर ओस पडतं. कारखाने, ट्राम, पंप चालले तर पैसा. डीसीच्या मोटरी होत्या, चांगल्या होत्या.

टेस्लाची कल्पना सुंदर आहे. एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या गुंडाळ्यांना असे एसी प्रवाह द्यायचे, की एक चढतीला असताना दुसरा उतरतीला असेल. दोघांच्या चुंबकत्वाची बेरीज केली की चुंबकक्षेत्र गोल फिरू लागतं, कुठलाही भाग न फिरता. मध्ये धातूचा दंडगोल ठेवला की तो त्या फिरत्या क्षेत्रामागे ओढला जातो. फिरत्या भागाला वीज देणारे, घासत राहणारे ब्रश नाहीत, ठिणग्या नाहीत, झिजणारं फारसं काही नाही. १६ मे १८८८ ला त्याने हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात विद्युत अभियंत्यांसमोर मांडलं, आणि काही आठवड्यांत वेस्टिंगहाऊसने पेटंटांचे हक्क घेतले. इटलीत गॅलिलिओ फेरारिस स्वतंत्रपणे याच कल्पनेपाशी पोचला होता. जर्मनीत डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीने ती तीन फेजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ चढउतार करणाऱ्या तीन प्रवाहांत, बसवून १८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफर्ट अशी सुमारे १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखवली. विहिरीवरच्या पंपासाठी रात्री-बेरात्री 'थ्री फेज' यायची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. त्या पंपाची मोटर याच तत्त्वावर फिरते.

पेटंट घेतलं म्हणून उद्या मोटर बाजारात आली असंही झालं नाही. वेस्टिंगहाऊसचं जाळं सेकंदाला १३३ आवर्तनांवर चालत होतं (प्रवाहाने एकदा उलटून परत मूळ दिशेला येणं म्हणजे एक आवर्तन), टेस्लाच्या मोटरला त्याहून बरीच कमी आवर्तनं आणि एकाहून जास्त फेज हवे होते. टेस्ला पिट्सबर्गला गेला, तिथल्या अभियंत्यांशी त्याचं पटलं नाही, तो परतला. चार्ल्स स्कॉट, बेंजामिन लॅम अशा पगारी अभियंत्यांनी पुढची काही वर्षं खपून मोटर कामाची केली आणि अमेरिकेत ६० आवर्तनांचा प्रघात पडला. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

इथपर्यंत हिशेब. पुढचा भाग किळसवाणा आहे.

१८८८ पर्यंत एडिसनच्या लोकांना एसीची चाल दिसू लागली होती. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्याने फाशीऐवजी विजेने देहदंड द्यायचा कायदा केला. हॅरल्ड ब्राउन नावाचा एक विद्युत सल्लागार वर्तमानपत्रातून एसीविरुद्ध लिहू लागला आणि त्याला एडिसनच्या प्रयोगशाळेत जागा आणि मदत मिळाली. जुलै १८८८ मध्ये कोलंबिया कॉलेजातच त्याने एका कुत्र्याला आधी १००० व्होल्टपर्यंत डीसीचे झटके दिले, कुत्रा जगला. मग ३३० व्होल्टचा एसी दिला, कुत्रा मेला. आधीच अर्धमेला झालेला प्राणी होता, हे बघणाऱ्यांनाही कळत होतं. पुढे वासरं आणि घोडाही झाला. देहदंडासाठी यंत्र वेस्टिंगहाऊसचंच असावं याची खटपट ब्राउननेच केली, म्हणजे लोकांच्या डोक्यात नाव आणि मरण यांची सांगड बसेल.

एसी खरंच जास्त घातक होता का? प्रामाणिक उत्तर : सारख्याच दाबाला, हो. ५०-६० आवर्तनांचा प्रवाह हृदयाची लय जास्त सहज बिघडवतो. पण रस्त्यावरच्या डीसीच्या तारांतही मारायला पुरेसा दाब होता. रस्त्यांवरच्या आर्क दिव्यांच्या (कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या विजेच्या झोताने उजळणाऱ्या) ओळी हजारो व्होल्टवर चालत, आणि त्यांत डीसीच्याही होत्या. खरा दोष उघड्या, फाटक्या रोधकाच्या, एकमेकींवर लोंबणाऱ्या तारांचा होता. ऑक्टोबर १८८९ मध्ये जॉन फीक्स नावाचा लाइनमन भर दुपारी, मॅनहॅटनच्या गर्दीच्या रस्त्यावर, तारांच्या जाळ्यात अडकून मेला आणि त्याचा देह बराच वेळ वरच लटकत राहिला. एडिसनच्या तारा जमिनीखाली होत्या, आणि सुरक्षिततेचा त्याचा हा मुद्दा पूर्ण खरा होता. त्याने खऱ्या मुद्द्याला खोटी जोड दिली, एवढंच.

विल्यम केमलर या खुन्याला ६ ऑगस्ट १८९० ला ऑबर्नच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीत बसवलं. पहिला झटका १७ सेकंदांचा. डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं म्हटलं, आणि मग लक्षात आलं की तो श्वास घेतोय. दाब वाढवून दुसरा झटका द्यावा लागला, तो बराच लांबला, मांस जळाल्याचा वास खोलीत भरला. यातलं काहीही सिनेमाने वाढवून सांगायची गरज नाही.

कोनी आयलंडच्या 'टॉप्सी' हत्तिणीचं मात्र इथे नाव घेऊ नये. एडिसनने एसीची बदनामी करायला हत्ती मारला, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. ती हत्तीण १९०३ मध्ये मारली गेली. एडिसनच्या नावाच्या कंपनीने ते चित्रित केलं हे खरं, पण हे युद्ध तोवर संपून दहा वर्षं झाली होती आणि एडिसन त्या धंद्यातून केव्हाच बाहेर पडला होता.

म्हणजे बाहेर काढला गेला होता. १८९२ मध्ये मॉर्गनच्या पुढाकाराने एडिसनची कंपनी आणि थॉमसन-ह्यूस्टन ही प्रतिस्पर्धी कंपनी एक करण्यात आली. नव्या कंपनीचं नाव जनरल इलेक्ट्रिक, एडिसनचं नाव पाटीवरून गेलेलं. आणि थॉमसन-ह्यूस्टन एसीची यंत्रं विकत होती. म्हणजे ज्याच्या नावाने युद्ध चाललं होतं त्याची कंपनी एका सहीनिशी शत्रूच्या बाजूला गेली.

शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाचं कंत्राट वेस्टिंगहाऊसने जवळपास ४ लाख डॉलर बोलून घेतलं. जनरल इलेक्ट्रिकची बोली साडेपाच लाखांवर होती. दिव्याचं पेटंट मात्र अजून एडिसनच्या कंपनीकडे, आणि ते न्यायालयात टिकलं होतं. वेस्टिंगहाऊसने काचेला बूच बसवलेला दोन तुकड्यांचा दिवा काढला, लवकर जाणारा, पेटंटात न अडकणारा, आणि तो लाखांच्या संख्येत बनवून वेळ मारून नेली. स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

निर्णायक घाव घातला नायगाऱ्याने. तिथल्या धबधब्याची वीज एसीने न्यायची असं ठरलं, यंत्रं वेस्टिंगहाऊसला आणि लाइन जनरल इलेक्ट्रिकला, आणि नोव्हेंबर १८९६ मध्ये सुमारे ४० किलोमीटरवरच्या बफेलो शहरात वीज पोचली. धबधबा उचलून शहरात आणता येत नाही. वीज जिथे बनते ती जागा आणि जिथे लागते ती जागा वेगळी झाली की अंतर हाच सगळा प्रश्न, आणि अंतराचं उत्तर एसीकडे होतं. आपल्याकडे टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला आणली ती याच मार्गाने.

तरी डीसी मेला असं समजू नका. सिनेमात टॉम हॉलंडने रंगवलेला एडिसनचा तरुण सचिव सॅम्युअल इन्सल खऱ्या आयुष्यात शिकागोला गेला आणि त्याने दोघांना एकत्र नांदवलं : लांबून एसी आणायचा, शहरात फिरत्या कन्व्हर्टरने त्याचा डीसी करून जुन्या ग्राहकांना द्यायचा. न्यूयॉर्कच्या काही इमारतींच्या जुन्या लिफ्ट डीसीवरच चालत राहिल्या, आणि तिथला शेवटचा डीसी ग्राहक तोडला गेला तो १४ नोव्हेंबर २००७ ला, पर्ल स्ट्रीटनंतर सव्वाशे वर्षांनी.

मुंबईची लोकलही मूळची डीसीचीच. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, कारण जागेवरून जोर लावून उचलायचं काम डीसी मोटर झकास करते. पुढे डबे वाढले, गाड्या वाढल्या, आणि १५०० व्होल्टवर एवढी वीज न्यायची म्हणजे हजारो अँपिअर, जाड तारा, जवळजवळ उपकेंद्रं. पुन्हा तेच तांबं. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये आणि सगळ्यात शेवटी हार्बरवर २०१६ मध्ये २५,००० व्होल्ट एसी आला.

आणि गंमत म्हणजे आता सगळ्यात लांबच्या मोठ्या लाइनी परत डीसीकडे वळल्या आहेत. व्होल्टेज बदलण्यापुरता एसी लागतो. एकदा ते काम इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीने दोन्ही टोकांना उरकता आलं, की मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये डीसीच फायद्याचा. तीनऐवजी दोनच तारा, आणि एसीत लाइनच्या लांबीमुळे जो प्रवाह नुसताच ये-जा करतो तोही नाही. चंद्रपूरच्या कोळशाची वीज मुंबईकडे आणणारी चंद्रपूर-पडघे लाइन अशीच आहे : ७५२ किलोमीटर, क्षमता १५०० मेगावॅट, एक तार अधिक ५ लाख व्होल्टवर आणि दुसरी उणे ५ लाख व्होल्टवर. चंद्रपूरला एसीचा डीसी करतात, पडघ्याला डीसीचा परत एसी, आणि तिथून पुढे रोहित्रांच्या पायऱ्या उतरत वीज घरात येते.